भिंतीवरचा सॉकेट : लिनक्स कर्नलनं दिलेल्या एका वचनाचा इतिहास



आज आपण एका नियमाचा इतिहास पाहणार आहोत. नियम एका ओळीत सांगता येतो: कर्नल बदलला म्हणून काल चालत असलेला प्रोग्रॅम आज बंद पडता कामा नये. लिनक्स कर्नल लिहिणाऱ्या मंडळींत हा नियम इतका पक्का बसलेला आहे की त्याच्यापुढे वेग मागे पडतो, नेटकेपणा मागे पडतो, आणि कधीकधी तांत्रिकदृष्ट्या कोण बरोबर होतं हा प्रश्नसुद्धा मागे पडतो. हा नियम आला कुठून, पाळताना काय किंमत मोजावी लागली, आणि त्याची हद्द कुठं संपते, या तीन प्रश्नांभोवती आजचं व्याख्यान आहे.

समोर सगळेच संगणकवाले नाहीत, म्हणून आधी दोन शब्द समजून घेऊ. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. डिस्क, मेमरी, नेटवर्क यांना थेट हात लावण्याचा अधिकार फक्त त्याला. बाकी सगळे प्रोग्रॅम, मग तो ब्राउझर असो की फायलींची यादी दाखवणारी साधी आज्ञा असो, कर्नलकडे मागणी करतात: ही फाइल उघड, हे चार शब्द लिही, वेळ किती झाली सांग. या मागणीला सिस्टीम कॉल म्हणतात. प्रत्येक कॉलला एक क्रमांक असतो, आणि प्रोग्रॅम तयार होतो तेव्हा तो क्रमांक त्याच्या पोटात कायमचा बसतो. जुन्या ३२ बिटी इंटेल यंत्रांवर वाचण्याचा क्रमांक ३ आणि लिहिण्याचा ४. उद्या कर्नलवाल्यांनी ही अदलाबदल केली, तर जगातला प्रत्येक जुना प्रोग्रॅम वाचायच्या जागी लिहायला लागेल.

आपल्या घरातलं उदाहरण घ्या. भिंतीच्या आतली वायरिंग तुम्ही हवी तशी बदला, मीटर बदला, तांब्याची तार जाड घाला. पण भिंतीवरच्या सॉकेटची भोकं बदलली, तर मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन सगळं एका दिवसात निकामी होतं. सिस्टीम कॉल म्हणजे ही भोकं. आजची गोष्ट त्या भोकांची आहे.

लिनक्सच्या आधी

ही काळजी लिनक्सनं शोधून काढली असं नाही. १९६४ सालच्या एप्रिलमध्ये आयबीएमनं सिस्टीम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. तोवर त्याच कंपनीच्या एका यंत्राचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालेलच याची खात्री नसे. यंत्र बदललं की प्रोग्रॅम पुन्हा लिहा. ३६० मालिकेत लहान यंत्रावरचा प्रोग्रॅम मोठ्या यंत्रावरही चालेल असं ठरवण्यात आलं. आत काय आहे ते वेगळं, बाहेर काय दिसतं ते वेगळं, अशी ती विभागणी होती. त्या काळी लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम त्याच घराण्याच्या आजच्या मेनफ्रेमवर चालू शकतात.

नंतर बेल लॅब्जमध्ये युनिक्स आलं. तिथं कर्नल आणि साधनं एकाच चमूची, त्यामुळे काही बदलायचं तर शेजारच्या टेबलावर सांगितलं की काम होई. तरीसुद्धा एकदा लोकांच्या हातात पडलेली गोष्ट बदलणं किती जड जातं, हे तिथंच दिसून आलं. फाइल तयार करणाऱ्या सिस्टीम कॉलचं नाव ‘क्रिएट’, पण इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं ‘ई’ गाळलेलं. युनिक्स पुन्हा बनवलंत तर काय बदलाल, असं केन थॉम्प्सन यांना विचारलं तेव्हा ते ‘ई’ घालीन, असं उत्तर त्यांनी दिल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. ते अक्षर आजही तिथं नाही. तसंच स्टुअर्ट फेल्डमन यांच्या ‘मेक’ या साधनाचं. त्यात ओळीच्या सुरुवातीला टॅबच लागतो, साध्या मोकळ्या जागा चालत नाहीत. हा त्रास फेल्डमन यांच्याही लवकरच लक्षात आला होता. पण तोवर डझनभर लोक ‘मेक’ वापरू लागले होते, आणि त्यांचं काम बिघडवणं त्यांना पटेना. डझनभर माणसांसाठी ठेवलेला तो टॅब पुढे लाखो माणसांच्या वाट्याला आला.

साधनं आधी, कर्नल नंतर

आता १९९१ साल. हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी, लिनस टोरवाल्ड्स, आपल्या ३८६ पीसीवर एक कर्नल लिहीत होता. २५ ऑगस्टला त्यांनी जाहीर निवेदन केलं. त्या छोट्या निवेदनात एक तपशील आहे, ज्याच्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. बॅश १.०८ आणि जीसीसी १.४० आपल्या कर्नलवर चालवून पाहिलेत, असं त्यांनी लिहिलं होतं.

बॅश म्हणजे आज्ञा घेणारा प्रोग्रॅम आणि जीसीसी म्हणजे कंपायलर. दोन्ही रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या जीएनयू प्रकल्पाची साधनं. म्हणजे साधनं आधीच तयार होती आणि नवा कर्नल त्यांच्या अटींवर उभा राहत होता. कोणते सिस्टीम कॉल हवेत हे शोधायला टोरवाल्ड्स यांनी विद्यापीठातल्या सन कंपनीच्या युनिक्सच्या पुस्तिका चाळल्या. बॅश चालायचं तर अमुक इतके कॉल हवेतच, मग ते लिहा, अशी कामाची दिशा होती.

आमच्या मते या नियमाचं मूळ इथं आहे. बेल लॅब्जमध्ये कर्नल आणि साधनं एका घरात वाढली. लिनक्समध्ये कर्नल एकांचा, साधनं दुसऱ्यांची, आणि दोन्ही एकत्र बांधून लोकांना देणारे तिसरेच. ज्याची साधनं मोडतील तो माणूस आपल्या ओळखीचासुद्धा नसेल. त्याला ‘तू तुझा प्रोग्रॅम बदल’ असं सांगायला जायचं कुठं?

घडी बसण्याआधी

पण वचन पहिल्या दिवसापासून आजच्याइतकं कडक होतं असं समजू नका. नव्वदच्या दशकात ज्यांनी लिनक्सचे सर्व्हर सांभाळले, त्यांना फायरवॉलची कथा आठवत असेल. २.० कर्नलमध्ये नियम लिहायचे ते ‘आयपीएफडब्ल्यूएडीएम’नं. १९९९ मध्ये २.२ आला, त्यात ‘आयपीचेन्स’. २००१ मध्ये २.४ आला, त्यात ‘आयपीटेबल्स’. जुन्या आज्ञा चालवणारे तात्पुरते पूल २.४ मध्ये दिले होते, पण दर पिढीला नवी भाषा शिकावी लागली. डिसेंबर २००३ मध्ये २.६ आला तेव्हा कर्नलमध्ये मॉड्यूल भरणारी साधनंही बदलावी लागली. नवा कर्नल टाकला, जुनी साधनं राहिली, की ड्रायव्हर भरलेच जायचे नाहीत.

हे तेव्हा खपून गेलं, कारण मोठी आवृत्ती दोन-तीन वर्षांनी एकदा यायची. लोक एक शनिवार-रविवार बाजूला काढून ते ऑपरेशन उरकायचे. २.६ नंतर कामाची पद्धत पालटली. दर दोन-अडीच महिन्यांनी नवी आवृत्ती येऊ लागली. आता दर आवृत्तीला काहीतरी मोडायला लागलं, तर लोक नवा कर्नल घेणंच सोडून देतील. आणि लोकांनी घेतला नाही तर त्यातल्या चुका सापडणार कुणाला? हजारो निरनिराळ्या यंत्रांवर चाचणी घेण्याइतकी प्रयोगशाळा कुणाकडेच नाही. वापरणारे लोक हीच ती प्रयोगशाळा. त्यांनी निर्धास्तपणे नवा कर्नल टाकावा यासाठी वचन द्यावं लागलं. यात सौजन्य आहे, तसा व्यवहारही आहे.

वचनाची परीक्षा

२०११ साली दोन गमतीदार परीक्षा झाल्या. पहिली, आवृत्तीच्या क्रमांकाची. २.६.३९ नंतर टोरवाल्ड्स यांनी सरळ ३.० असं नाव दिलं. आत काही मोडलं नव्हतं, फक्त आकडे फार लांबले होते. तरी काही प्रोग्रॅम अडले, कारण क्रमांक २.६ नंच सुरू होणार असं त्यांनी धरलं होतं. आता यात चूक कुणाची? अर्थात त्या प्रोग्रॅमांची. पण उपाय कर्नलनं केला. अडलेला प्रोग्रॅम चालवताना ‘मी २.६.४० आहे’ असं सांगण्याची सोय कर्नलमध्ये घालण्यात आली. ज्येष्ठ माणसानं लहानाची समजूत काढायला आपलं वय कमी सांगावं, तसं.

दुसरी परीक्षा पॉवरटॉपची. लॅपटॉपची वीज कुठं खर्च होते ते दाखवणारं हे इंटेलचं साधन. कर्नल आतल्या घडामोडींच्या नोंदी बाहेर देतो, त्या ते वाचायचं. प्रत्येक नोंदीत एका मोठ्या जुन्या कुलुपाविषयीचा चार बाइटचा आकडा असे. ते कुलूप कर्नलमधून काढून टाकलं, मग त्याच्याविषयीचा आकडा कशाला, म्हणून तोही काढला. पॉवरटॉप बिघडलं. नोंदीत कुठली गोष्ट कुठं आहे याचा तक्ता कर्नल स्वतः देत होता, पण पॉवरटॉप तो न वाचता ठराविक बाइटवर जाऊन वाचायचं. शेवटी चार रिकाम्या बाइटांची जागा तशीच ठेवावी लागली. पुढे पॉवरटॉपनं तक्ता वाचायला सुरुवात केल्यावर ती गेली.

इथं एक महत्त्वाचा मुद्दा निघतो. कोणती गोष्ट स्थिर आणि कोणती प्रायोगिक याची लेखी वर्गवारी कर्नलच्या दस्तऐवजांत आहे. पण वाद झाला की कागद बाजूला राहतो आणि एकच प्रश्न उरतो: कुणाचा चालता प्रोग्रॅम बंद पडला का? करार कागदावरून ठरत नाही, वापरावरून ठरतो. आपल्याकडे शेतातून वर्षानुवर्षं लोक ये-जा करत असले की ती पायवाट वहिवाटीची होते, मग सातबारा काही म्हणो. तसंच हे.

याहून मजेशीर बोगोमिप्स. कर्नल सुरू होताना प्रोसेसर रिकामा फिरवून त्याच्या गतीचा एक अंदाज घेतो. हा आकडा तुलनेला निरर्थक, म्हणून नावातच ‘बोगस’ घातलेलं. २०१३ मध्ये एआरएम प्रोसेसरच्या माहितीतून ती ओळ काढण्यात आली. निरर्थक आकडा, कोण वाचतंय? पण वाचणारे होते. पायथनमधून आवाज वाजवणारे प्रोग्रॅम त्या माहितीत प्रोसेसरचा वेग शोधायचे, तो मिळेना म्हणून थांबायचे. जानेवारी २०१५ मध्ये ती ओळ परत आली. ज्याच्या नावातच बोगसपणा आहे, तोही एकदा बाहेर दिसला की परत घेता येत नाही.

डिसेंबर २०१२ ची घटना सगळ्यांत गाजलेली. ३.८ च्या तयारीत व्हिडिओ उपकरणांच्या भागात परत येणाऱ्या त्रुटीचा क्रमांक बदलला आणि काही मल्टिमीडिया प्रोग्रॅम बिघडले. त्या भागाच्या अनुभवी मेंटेनरनी दोष प्रोग्रॅमांकडे असल्याचं सुचवलं. त्यावर टोरवाल्ड्स यांनी अतिशय कठोर, अपमानास्पद भाषेत उत्तर लिहिलं. आशय असा की कर्नलच्या बदलानं प्रोग्रॅम मोडला तर तो दोष कर्नलचाच, वापरणाऱ्याला दोष देऊ नका. नियम जगभर पोचला तो याच पत्रानं. पण त्या भाषेचीही किंमत होती. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे कामातून बाजूला झाले, आणि प्रकल्पानं आचारसंहिता स्वीकारली. भाषा बदलली, नियम जागेवर राहिला. म्हणजे नियमाला त्या भाषेची गरज नव्हती.

आणि त्यानंतर वर्षभरानं, सप्टेंबर २०१९ मध्ये, तो नियम शांतपणे पाळला गेला. ५.३ ची तयारी चालू होती. एक्स्ट४ या फाइलव्यवस्थेत एक उत्तम सुधारणा झाली होती, डिस्कवरचं वाचन कमी व्हावं अशी. कोडमध्ये चूक नाही, यंत्र जलद. पण एका लॅपटॉपवर संगणक सुरू होताना लॉगिनच्या पडद्यापाशी अडकू लागला. कारण पाहा. यादृच्छिक आकडे बनवायला कर्नल बाहेरच्या अनियमित घटना गोळा करतो, त्यात डिस्कच्या हालचालीही येतात. डिस्कचं काम कमी झालं, घटना कमी जमल्या. लॉगिनचा प्रोग्रॅम यादृच्छिक आकडे मागून वाट पाहत बसला, आणि त्याची वाट संपेना. सुधारणा निर्दोष होती, तरी टोरवाल्ड्स यांनी ती प्रकाशनाच्या तोंडावर मागे घेतली आणि प्रकाशनाच्या निवेदनात त्याचं कारण समजावून सांगितलं. ५.४ मध्ये सुरुवातीलाच यादृच्छिकता मिळवण्याचा वेगळा मार्ग घातला गेला, आणि मग ती सुधारणा परत आणता आली. आधी खालची जमीन पक्की करायची, मग वर बांधायचं.

किंमत कोण मोजतं

हे वचन फुकट पडत नाही. फाइलची माहिती देणारा ‘स्टॅट’ हा कॉल घ्या. ३२ बिटी इंटेलवर तो १८ व्या क्रमांकावर होता. त्यात आकडे मावेनासे झाले म्हणून १०६ वर दुसरा आला. फायली मोठ्या झाल्या, १९५ वर तिसरा. मग २०१७ मध्ये ‘स्टॅटएक्स’, ३८३ वर. नवा आला म्हणून जुना गेला असं होत नाही. जुन्या वाड्यात प्रत्येक पिढीनं एकेक खोली वाढवावी आणि एकही पाडू नये, तसा हा कारभार. प्रत्येक खोलीचं छप्पर पावसाळ्याआधी शाकारावं लागतं, आणि ते काम मोजक्या मेंटेनरांच्या गळ्यात पडतं.

पहिल्या दिवशीचा निष्काळजीपणाही कायमचा होतो. फाइल उघडणारा ‘ओपन’ हा कॉल अनोळखी खुणा आल्या तर निमूट दुर्लक्ष करायचा. आता कडक व्हावं तर जुने प्रोग्रॅम, जे नकळत भलत्या खुणा पाठवत असतील, ते मोडतील. म्हणून २०२० मध्ये ५.६ मध्ये ‘ओपनॅट२’ हा नवा कॉल आणावा लागला, जो अनोळखी खूण दिसताच नकार देतो. नवा कॉल बनवताना नको ते आधीच नाकारा, हा धडा त्यातून मिळाला. नंतर परवानगी देता येते, दिलेली परवानगी काढून घेता येत नाही.

सुरक्षेशी गाठ पडली की पेच अवघड होतो. ६४ बिटी इंटेल पद्धतीच्या यंत्रांवर वेळ झटकन सांगण्यासाठी प्रत्येक प्रोग्रॅममध्ये एका ठरलेल्या पत्त्यावर कोड ठेवलेला असे. ठरलेला पत्ता म्हणजे हल्लेखोराची सोय. २०११ मध्ये तिथला कोड काढून, कुणी तिथं आलंच तर कर्नल त्याचं काम करून देईल अशी रचना झाली. जुने प्रोग्रॅम चालत राहिले, फक्त थोडे मंद. पुढे काही वितरणांनी तोही मार्ग बंद केला, तेव्हा सेंटओएस ६ वरचे जुने कंटेनर सुरू होताक्षणी कोसळू लागले. कंटेनर म्हणजे जुनी साधनं नव्या कर्नलवर चालवणंच. तो सगळा व्यवसाय या वचनावर उभा आहे, हे अनेकांना त्या दिवशी कळलं.

हद्द

मग कधीच काही काढता येत नाही का? येतं. ज्याच्या जाण्यानं कुणाचं काही अडत नाही, ते जातं. ३.८ मध्येच ३८६ प्रोसेसरचा आधार काढला, ज्या प्रोसेसरवर लिनक्स जन्मलं तोच. ‘ए डॉट आउट’ हा प्रोग्रॅमचा मूळ साचा २०२२ मध्ये गेला. कुणी हरकत घेतली असती तर विचार झाला असता.

दुसरा मार्गही आहे, आणि तो कमी प्रतीचा समजू नये. ओपनबीएसडीमध्ये कर्नल आणि साधनं एकाच घरची आहेत. २०१४ मध्ये ५.५ आवृत्तीत त्यांनी सगळ्या यंत्रांवर वेळेचा आकडा ६४ बिटी करून टाकला. जुने प्रोग्रॅम मोडले, सगळं पुन्हा बांधलं, विषय संपला. घर एक असेल तर असं करता येतं.

आणि वचन फक्त भिंतीबाहेरच्यांना आहे. आतल्या वायरिंगबद्दल कर्नलवाले काहीच वचन देत नाहीत. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ते ठणकावून लिहून ठेवलंय: ड्रायव्हर कर्नलच्या झाडात आणा, आम्ही बदलताना तोही बदलू, बाहेर ठेवलात तर तुमचं तुम्ही पाहा. याचा परिणाम आपल्या खिशात आहे. अँड्रॉइड फोनच्या चिपचे कित्येक ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर राहिले, दर नव्या कर्नलला मोडत राहिले. फोन जुन्या कर्नलवर अडकून पडण्याचं ते एक मोठं कारण. शेवटी गूगलला अँड्रॉइडपुरता समान कर्नल आणि त्याला जोडलेल्या मॉड्यूलांसाठी स्थिर सीमा आखावी लागली. सॉकेटची गरज आतही पडली.

शेवटचा मुद्दा. १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, ३२ बिटांत मोजलेली वेळ संपते. पुढच्या सेकंदाला तो आकडा उलटून १९०१ सालात जातो. लिनक्सनं त्याची तयारी आपल्या रीतीनं केली. २०१९ मध्ये ५.१ मध्ये वेळेचे नवे कॉल जुन्यांच्या शेजारी ठेवले, आणि ५.६ पासून ३२ बिटी कर्नल २०३८ पलीकडे जायला सज्ज झाला. जुना एकही कॉल काढला नाही.

पण जुन्या ३२ बिटी प्रोग्रॅमच्या पोटात वेळेसाठी जागाच तेवढी आहे. तो जुना प्रश्न विचारेल, कर्नल इमानेइतबारे त्याला जुन्या मापाचं उत्तर देईल, आणि ते उत्तर चुकीचं असेल. कारखान्यातल्या, लिफ्टमधल्या, पाणीपुरवठ्याच्या छोट्या यंत्रांत असे प्रोग्रॅम बसलेले असतात, आणि ते लिहिणारी माणसं केव्हाच दुसरीकडे गेलेली असतात. तुमचा प्रोग्रॅम आम्ही मोडणार नाही, एवढं वचन कर्नल देऊ शकतो. तो प्रोग्रॅम वेळेत बदलण्याची जबाबदारी मात्र ज्याच्या भिंतीवर ते यंत्र लागलंय त्याची आहे. २०३८ ला अजून अवधी आहे. आपापल्या संस्थेत, सोसायटीत, कारखान्यात अशी यंत्रं कोणती, याची यादी करायला तो पुरेसा आहे.